कागदसरांची एकपानी प्रस्तावना

सकाळी सव्वादहाच्या सुमारास कादंबरीकार स्वयंपाकघरात पायजमा गुडघ्यांपर्यंत दुमडून पाण्याच्या टबात उभे होते आणि त्यांची बायको गॅलरीच्या दाराशी मोबाइलवर स्टॉपवॉच लावून उभी होती.

"मी कागद तोंडात घातला की धावत यायचं," त्यांनी पुन्हा एकदा बजावले. "चालत नाही हं. तू घोडेस्वार आहेस."

"मला अकराला लॅबमध्ये पोचायचंय," घोडेस्वार म्हणाला. "आणि लादी तुम्ही पुसायची."

टब म्हणजे नदी होती आणि कादंबरीकार म्हणजे त्यांच्याच कादंबरीच्या एकोणिसाव्या प्रकरणातला जासूद. शत्रूचे स्वार काठावर येऊन थडकतात, जासूद कमरेइतक्या पाण्यात उभा असतो, पळायला वाट नसते, आणि तो राजाचे गुप्त पत्र "तीन श्वासांत" गिळून टाकतो. जुन्या दप्तरात या सगळ्याबद्दल सापडली होती एकच ओळ: "जासूद नदीच्या उतारावर सापडला, पत्र सापडले नाही." बाकीची अठरा पाने कादंबरीकारांनी स्वतःच्या पदरची घातली होती आणि सव्वाचारशे पानांत तीच त्यांची सर्वांत लाडकी होती.

एरवी ते पाणीपुरवठ्याच्या कार्यालयात तक्रारींच्या टेबलावर बसत. पण लिहिण्याच्या बाबतीत त्यांचा एक बाणा होता: करून पाहिल्याशिवाय लिहायचे नाही. वेढ्याच्या प्रकरणासाठी त्यांनी घरात चार दिवस कोरड्या दाण्यांवर काढायचे ठरवले होते. दुसऱ्याच दिवशी बायको लॅबच्या कँटीनला जाऊन फितूर झाली. राजाच्या जखमी खांद्यासाठी त्यांनी आठवडाभर उजवा हात गळ्यात बांधून डाव्या हाताने तक्रारी नोंदवल्या. त्या आठवड्यातली एकही तक्रार कुणाला वाचता आली नाही आणि एकही सुटली नाही. पण नेहमीपेक्षा काही वेगळे घडतेय असे कुणाच्या लक्षातही आले नाही.

आजच्या प्रयोगाला कारण होते कागदसर. हे इतिहासाचे निवृत्त प्राध्यापक. कुणी काहीही सांगितले की त्यांचा पहिला प्रश्न असे, "कागद आहे?" शेजाऱ्यांनी नातू झाल्याचे सांगितले तेव्हाही त्यांनी आधी जन्मदाखल्याची चौकशी केली, असे त्यांचे विद्यार्थी सांगत. या किस्स्याला मात्र कागद नव्हता.

प्रकाशकबाईंनी अट घातली होती की कागदसरांची प्रस्तावना असेल तरच पुस्तक छापणार. त्यांनी मागे काढलेल्या ऐतिहासिक कादंबरीत एक सेनापती दोन वर्षे आधीच मेला होता आणि त्यांना वर्षभर लोकांचे फोन येत होते. त्यामुळे सरांच्या सहीशिवाय त्या आता इतिहासाला हातही लावत नसत. सरांनी हस्तलिखित सात महिने ठेवून घेतले. आणि आज, प्रस्तावना छापखान्यात द्यायच्या शेवटच्या दिवशी, सकाळी साडेनऊला ते स्वतः दारात हजर झाले. उद्यापासून छापखाना शाळांच्या पुस्तकांना लागणार होता. आजची वेळ चुकली की सहा वर्षांची मेहनत पुढच्या वर्षावर जाणार होती.

प्रस्तावना एका कागदावर होती. "एका कागदात मावत नाही ते सांगण्यासारखं नसतं," हे सरांचे मत. कागद हाताने बनवलेला, जाडसर, पोस्टकार्डाहून जरासा मोठा, अक्षर मुंगीएवढे. वर डाग पडू नये म्हणून त्याच मापाचा एक कोरा कागद ठेवलेला.

"याची नक्कल काढायची नाही," सर म्हणाले. "फोटोही नाही. नकलेवरून नक्कल निघते आणि शंभर वर्षांनी माझ्यासारख्या कुणाला तरी त्रास होतो. मी चारला प्रकाशकांकडे येतो. मूळ कागद समोर ठेवून छापील मजकूर ताडून बघीन, मगच सोडायचं."

"हो सर."

"आणि ते एकोणिसावं प्रकरण. असला जाड कागद तीन श्वासांत? करून पाहिलंय का?"

झाले. हे वाक्य कादंबरीकारांच्या वर्मी लागले. जो माणूस राजाच्या खांद्यासाठी आठवडाभर हात बांधून हिंडला, त्याला कुणी असे विचारावे? सर जिना उतरेपर्यंत त्यांनी टबात नळ सोडलासुद्धा.

टब भरेपर्यंत त्यांनी प्रस्तावना वाचली. पुन्हा वाचली. नळ बंद केला आणि आणखी पाच-सात वेळा वाचली. मग मापाचा कागद शोधू लागले, तर घरात सगळा संगणकाचा पातळ कागद. जाड कागद एकच, सरांनी वर ठेवलेला कोरा. तोच घ्यायचे ठरले. जासुदासारखे फोल्डर काखेत मारून ते नदीत उतरले. जासूद काही कागद निरखत बसला नसणार, त्याची नजर स्वारांवर असणार. म्हणून तेही गॅलरीच्या दाराकडे नजर रोखून उभे राहिले, न बघता वरचा कागद ओढला आणि तोंडात कोंबला.

गॅलरी ते टब हे अंतर अकरा पावलांचे. घोडेस्वार चार सेकंदांत पोचला आणि पुढची सहा मिनिटे छत्तीस सेकंद जासुदाच्या तोंडाकडे बघत उभा राहिला. पहिल्या मिनिटात तीन श्वासांची गोष्ट निकालात निघाली. दुसऱ्या मिनिटात कादंबरीकारांच्या डोळ्यांत पाणी आले. तिसऱ्या मिनिटात त्यांनी खुणेने पाणी मागितले.

"टबातलं घ्या," बायको म्हणाली. "नदीत उभे आहात ना?"

"आत्ताच भरलंय," एवढेच कसेबसे म्हणून ते दोन ओंजळी पाणी प्यायले. अखेर कागद उतरला. जिभेवर काहीतरी कडवट राहिले होते आणि ते कागदाचे नाही, शाईचे आहे, हे त्यांच्या ध्यानात यायला जरा वेळ लागला.

तोवर बायकोने फोल्डर उघडले होते. "अहो, आत हा कोराच आहे की."

वाचून झाल्यावर सरांचा कागद कुणी वर ठेवला, हे विचारायची गरज नव्हती. सकाळपासून त्या कागदाला दुसऱ्या कुणाचा हात लागला नव्हता. कादंबरीकार टबातच खाली बसले.

"आधी सांगा, शाई कसली होती?" बायकोने विचारले. ती पॅथॉलॉजी लॅबमध्ये होती. कुठल्याही प्रसंगात ती पहिल्यांदा नमुन्याकडे बघे. "साधी शाई असेल तर काही होत नाही. जीभ दाखवा. हं, निळी झालीय. मी हाफ डे टाकते. सरांना फोन करून सरळ सांगून टाका."

"काय सांगू? सर, तुमची प्रस्तावना मी खाल्ली?"

"झालंय ते असंच आहे."

"सात महिने लागले होते त्यांना," कादंबरीकार रडवेले होऊन म्हणाले. "ते पुन्हा लिहायला बसतील? आणि चारच्या आत? मला ती पाठ आहे. टाइप करून नेतो. ताडायची वेळ आली की बघू."

पाठ होती हे खरेच. अंगातले ओले कपडे न बदलताच त्यांनी संगणक उघडला आणि धडाधड टाइप करायला सुरुवात केली. "प्रस्तुत लेखकाने अपार कष्ट घेतले आहेत." "भाषा काळाला शोभणारी आहे." "वेढ्याचे वर्णन वाचताना भूक जाणवते." तीन परिच्छेद स्वल्पविरामांसकट उतरले. चौथ्या परिच्छेदाला "पण" या शब्दाने सुरुवात झाली आणि तिथे त्यांचा हात थांबला.

"पुढे?" मागे उभ्या असलेल्या बायकोने विचारले.

"पुढे सही."

"पणच्या पुढे लगेच सही कशी असेल? पाच-सहा ओळी होत्या तिथे. मी लांबून पाहिलंय."

कादंबरीकारांनी डोळे मिटून आठवून पाहिले. सकाळपासून आठ-नऊ वेळा वाचूनही दर वेळी "पण" आले की त्यांची नजर आपसूक सहीवर गेली होती. त्या ओळींत दोष होते. दोष मग सावकाश वाचू, असे त्यांनी ठरवले होते.

"मग पणच काढून टाका, जाऊ दे," बायको म्हणाली.

"छे. सरांनी नुसती स्तुती केली यावर कोण विश्वास ठेवेल? ते स्वतःच ठेवणार नाहीत. दोष घालावेच लागतील." त्यांनी बराच वेळ विचार केला. "पण आहे काय दोष? मला तर एकही सुचत नाही."

बायकोने शेजारची खुर्ची ओढली आणि शांतपणे बसली. "लिहा. पण या कादंबरीत वेढा सोडला तर सव्वाचारशे पानांत कुणालाही भूक लागत नाही."

"अगं..."

"लिहा. प्रत्येक लढाईच्या वेळी सूर्य मावळत असतो. नवव्या प्रकरणात तो एकाच दिवशी दोनदा मावळतो. यातली एकही बाई काम करत नाही, सगळ्या खिडकीत उभ्या असतात. राजाला बारा वर्षांत एकदाही सर्दी होत नाही. आणि मरणारा प्रत्येक माणूस मरण्याआधी अर्धं पान बोलतो. फुप्फुसात बाण असताना ते शक्य नाही."

कादंबरीकार टाइप करत होते, पण एकेक ओळ त्यांच्या जिवाला लागत होती. "हे सगळं तू सहा वर्षं मनात ठेवलंस? मी विचारायचो ना तुला?"

"तुम्ही 'कसं वाटलं' विचारायचात. मी 'छान' म्हणायचे. छान ऐकलं की तुम्ही पुढचं ऐकायला थांबतच नव्हतात."

कादंबरीकारांनी कागद प्रिंट करून घेतला. त्यांनी कपडे बदलले, निळी जीभ मिठाने घासली, आणि दोघे निघाले. बायको का येतेय, असे त्यांनी विचारले. "पोटात दुखायला लागलं तर कोण बघणार?" ती म्हणाली, आणि त्यांना त्याही स्थितीत बरे वाटले.

प्रकाशकबाईंचे कार्यालय म्हणजे पुस्तकांच्या गठ्ठ्यांमधून काढलेली एक अरुंद वाट आणि तिच्या शेवटी एक टेबल. बाईंनी टाइप केलेला कागद वाचला आणि त्या खूश झाल्या. "दोष काय मस्त काढलेत हो सरांनी. सर्दीचं तर फारच छान. एवढे खेळकर असतील असं वाटलं नव्हतं. मूळ कागद कुठाय?"

"जपून ठेवलाय," कादंबरीकार म्हणाले.

"आणायचा होता ना."

"आणलाय तसा," ते म्हणाले आणि खिडकीबाहेर बघू लागले.

बरोबर चारला कागदसर वाट काढत आत आले. खुर्चीत बसून त्यांनी भिंग काढले आणि टाइप केलेला मजकूर वाचू लागले. पहिल्या परिच्छेदावर मान हलली. दुसऱ्यावर हलली. तिसऱ्यावर हलली. चौथ्यावर ती हलायची थांबली. कादंबरीकारांची पाचावर धारण बसली.

"पहिले तीन परिच्छेद शब्दशः बरोबर," सर भिंग खाली ठेवत म्हणाले. "चौथा माझा नाही."

"काय सांगता?" प्रकाशकबाई सरसावून बसल्या.

"यातले दोष खरे आहेत. पण मी ते लिहिले नव्हते. मी एकच दोष लिहिला होता, तो सहा ओळींत समजावून सांगितला होता. की या लेखकाला साधनांतला आपल्या सोयीचा मजकूर तेवढा दिसतो, गैरसोयीचा दिसतच नाही." त्यांनी कादंबरीकारांकडे पाहिले. "माझा कागद कुठे आहे?"

कादंबरीकारांनी आधी प्रकाशकबाईंकडे पाहिले, मग बायकोकडे. बायकोने मान हलवली. तेव्हा त्यांनी सगळे सांगून टाकले: नळ, टब, घोडेस्वार, शाई, बायकोने काढलेले दोष. शेवटी ते म्हणाले, "माझं चुकलं, सर. प्रस्तावना मागायला आता तोंड नाही मला. पण सहा वर्षं घातलीत हो मी यात."

प्रकाशकबाईंनी डोके धरले. सर मात्र खिशातून छोटी वही काढत होते.

"किती वेळ लागला?" त्यांनी विचारले.

"अं?"

"गिळायला. सुरुवातीपासून शेवटपर्यंत."

"सहा मिनिटं चाळीस सेकंद," बायकोने उत्तर दिले. "स्टॉपवॉच मी लावलं होतं. मधे दोन ओंजळी पाणी."

"जासुदाकडे पाणी होतं?"

"सर, तो नदीत उभा होता," कादंबरीकार हळूच म्हणाले.

"हं. खरंच की." सरांनी ते लिहून घेतले. मग चावे मोजले होते का, कागदाची घडी घातली होती की चुरगळला होता, शाई आधी सुटली की कागद, असे प्रश्न सुरू झाले. अर्ध्या तासात त्यांची वही चार पाने भरली. सरांचा चेहरा उजळला होता. चाळीस वर्षे ते मेलेल्या माणसांचे कागद वाचत आले होते. जिवंत साक्षीदार त्यांच्यासमोर पहिल्यांदाच बसला होता.

"स्वार पलीकडच्या काठावर दाखवा," ते शेवटी म्हणाले. "नदी पार करायला त्यांना सात मिनिटं लागू देत. मग तुमचं प्रकरण उभं राहतं. बाई, एक कोरा कागद द्या."

आणि तिथेच, गठ्ठ्यांच्या मधे बसून, कागदसरांनी नवी प्रस्तावना लिहिली. स्तुती थोडक्यात केली. दोष बायकोने काढलेले घेतले आणि ते तिने काढले आहेत हेही नोंदवले. आणि मधल्या परिच्छेदात, तारीख, वार, वेळ आणि कागदाचे माप देऊन, पहिल्या प्रस्तावनेचे काय झाले ते जसे घडले तसे लिहिले. खरे ते लपवायचे नाही, हा त्यांचा जन्मभराचा नेम होता. पाचाला दहा मिनिटे कमी असताना कागद छापखान्यात गेला. कादंबरीकार घरी येऊन लादी पुसता पुसता रडले आणि बायकोने त्यांना खुशाल रडू दिले.

पुस्तक निघाले. महिन्याभरात वर्तमानपत्रात पहिले परीक्षण आले. बायकोने ते सकाळी मोठ्याने वाचून दाखवले आणि "पण" आल्यावर थांबली नाही. परीक्षणकर्त्याने लिहिले होते: "जासुदाचा प्रसंग अस्सल कागदपत्रांवर आधारलेला असल्याचे पदोपदी जाणवते. पण ज्येष्ठ इतिहासकारांनी प्रस्तावनेत मात्र कल्पनेला मोकाट सोडले आहे. लेखकाने प्रस्तावना खाल्ल्याचा त्यांनी रचलेला किस्सा बहारदार आहे. आयुष्यभर पुराव्यांत रमलेल्या या विद्वानाच्या अंगी इतकी विनोदबुद्धी असेल, असे कुणाला वाटले होते?"

मग तेच सुरू झाले. दुसऱ्या परीक्षणात तेच, तिसऱ्यात तेच. ग्रंथालयात सरांना लोक अडवून टाळी मागू लागले. एका मासिकाने त्यांच्याकडे विनोदी कथा मागितली. सरांनी स्टॉपवॉचची वेळ सांगितली तर लोक जास्तच हसले. त्यांनी कादंबरीकारांच्या बायकोकडून सही-तारखेनिशी लेखी जबानी घेतली आणि सगळ्या संपादकांना पाठवली. ती "या खेळात लेखकाचे कुटुंबही सामील" अशा मथळ्याखाली छापून आली.

एका रविवारी दुपारी कादंबरीकारांचा फोन वाजला. आवाज कागदसरांचा होता, पण खाली गेलेला.

"तुम्ही तरी सांगा हो त्यांना. घडलंय ना हे? डोळ्यांसमोर घडलंय. तुम्ही आहात, त्या आहेत, वेळेची नोंद आहे. तरी प्रत्येक जण मला एकच विचारतो."

"काय विचारतात, सर?"

सरांनी आवाज आणखी खाली आणला. "मूळ कागद आहे का, म्हणून विचारतात."

कादंबरीकारांना हसू आले नाही. उलट सरांबद्दल त्यांना फार वाईट वाटले. गोष्ट खरी आहे हे आपल्याला आतून ठाऊक असते, आणि दाखवायला हातात काही नसते, हे दुःख त्यांनी सहा वर्षे भोगले होते. दप्तरातल्या त्या एका ओळीवर अठरा पाने लिहिताना त्यांनी दुसरे काय केले होते?

"सर," ते म्हणाले, "खरी गोष्ट आहे आणि कागद नाही. अशा वेळी माणूस एकच करू शकतो. तुम्ही आता कादंबरी लिहा."

आता सर फोन आपटणार, या अंदाजाने त्यांनी रिसीव्हर कानापासून जरा लांब धरला. फोन आपटला गेला नाही. पलीकडून वहीचे पान उलटल्याचा आवाज आला, मग खाकरल्याचा.

"बरं," कागदसर दबक्या आवाजात म्हणाले, "सुरुवात कुठून करतात?"